जास्तीची लाल

पिम्चनने काउंटरवरचं खोकं बाजूला सारलं आणि पायरीशी अडखळलेल्या खामपनकाकांना दंडाला धरून बाकावर बसवलं.

"जेवलात का, काका?"

"जेवलो, जेवलो."

"काय जेवलात?"

काका गडबडले. नोंगफाय गावात 'जेवलात का' हा नमस्कारच. त्याचं उत्तर 'जेवलो' हेच, मग पोटात कावळे का कोकलत असेनात! औषधांचं दुकान थाटल्यापासून पिम्चन हा दुसरा प्रश्न विचारू लागली होती, आणि म्हाताऱ्या मंडळींना तो भोचकपणा वाटे.

"तुझ्या आईच्या असल्या चौकशा नसायच्या," काका म्हणाले. "पुडी दिली की झालं. तीच दे बाई मला. उद्या नातू भिक्षू होतोय. देवळाला तीन फेऱ्या, आणि मिरवणुकीपुढे बांबूचा केन फुंकायला मी. गुडघे म्हणतायत, तू हो पुढे, आम्ही घरीच बरे."

पुडी! पिम्चनला हसू आलं. याच जागी आईचं दुकान होतं. सुकी मासळी, साबण, आणि दोऱ्याला लटकणाऱ्या, अंगदुखीवरच्या गोळ्यांच्या पुड्या. भातलावणीचे दिवस आले की दहा वर्षांची पिम्चन चटईवर बशा मांडून बसायची. पिवळी, पांढरी, मोठी गुलाबी, आणि दुखण्यावरची लाल. प्रत्येकी एक पिशवीत टाकायची आणि मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं. आयुष्यात इतकं सुखाचं काम तिला पुन्हा मिळालं नाही. खामपनकाकांच्या पुडीत मात्र ती हळूच दोन लाल टाकायची. ती म्हणेल ती चाल काका बांधावर बसून केनवर वाजवायचे, त्याची ही परतफेड. आईला याचा पत्ता नव्हता.

"पुड्या बंद झाल्या, काका. आणि ती लाल तर तुम्हाला मुळीच नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेता ना? किडनीची वाट लावेल ती. उपाशीपोटी घेतली, जास्त घेतली, तर पोटात जखमा होतात, माणूस आतल्या आत रक्त जाऊन मरतो. शौचाला काळं होतं का हो कधी? डांबरासारखं?"

"मला? छे. थोंगमाला व्हायचं, शेवटी शेवटी."

थोंगमाकाकू, काकांची बायको, गेली तेव्हा पिम्चन बारा वर्षांची होती. पूर्वकर्म, असं म्हणून गाव मोकळं झालं होतं.

तिने पॅरासिटामॉलची पट्टी काढली, चोळायला मलम काढलं.

"एका वेळी एक. दिवसात चारच्या वर नाही. आणि उद्या गाडीत बसून वाजवायचं."

"गाडीत! नवरी आहे का मी?" काका खो खो हसले. मग तिच्याकडे निरखून बघत म्हणाले, "आता एकेक मोजून देतेस. तेव्हा दोन-दोन लाल कोंबायचीस की!"

पिम्चन लाजली. पोरपण पकडलं गेल्याचा तिला आनंदच झाला.

"तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं! पण मी कुठला दोन घेतोय? जास्तीची थोंगमाला द्यायचो. तिची पुडी वेगळी असायचीच, वर ही तुझी. पहाटे लावणीला निघताना, तोंडात भाताचं शीत नाही, नुसत्या पाण्याबरोबर गिळायची. आणि म्हणायची, पोरीचा जीव आहे हो आपल्यावर. जाईपर्यंत तुझं कौतुक करत होती गं."

इतक्या वर्षांनी हे सांगायला मिळालं म्हणून काकांचा चेहरा उजळला होता. पिम्चनच्या हातात मलमाची डबी तशीच राहिली. ती आत गेली आणि आपल्या दुपारच्या जेवणाची टोपली घेऊन आली. झाकण काढून तिने ती त्यांच्यापुढे ठेवली. चिकट भात, भाजलेला मासा, मिरचीची चटणी.

"आधी हे खा."

"अगं, जेवलो म्हटलं ना—"

"खा, काका."

तिचा आवाज ऐकून काकांनी टोपली जवळ ओढली. भाताचा गोळा वळून, चटणीत बुडवून सावकाश खाऊ लागले. शेवटचा घास पोटात जाईपर्यंत ती समोरून हलली नाही. टोपली रिकामी झाल्यावर काकांच्या लक्षात आलं.

"आणि तू गं? जेवलीस का?"

"जेवले," पिम्चन म्हणाली.