उत्तरं देणाऱ्या सासूबाई

कोणावरही आवाज चढवायचा नाही, हा माझा रोजचा नेम. पण दवाखान्यात सुनेला दाखवायला आलेल्या त्या सासूबाईंपुढे तो सकाळी अकराच्या आतच डळमळला. सुनेला विचारलं, "पाळी कधी आली होती?" उत्तर सासूबाईंचं. "पोटात दुखतं?" उत्तर पुन्हा सासूबाईंचंच.

"आई, दुखतं कुणाला, हिला की तुम्हाला?"

"ती लाजते हो. डॉक्टर कधी येणार?"

"तपासते मीच, औषधही मीच लिहिते. मी नर्स आहे, पण त्याचंच जास्तीचं शिक्षण घेतलंय."

"म्हणजे नर्सच ना!"

मी मनात देवाचं नाव घेतलं आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं. दाराशी जाऊन त्या वळल्या. "माझी तर सात वर्षांनी पाळी परत आली बघा. अंगात अजून दम आहे!"

माझं पेन थांबलं. "कधीपासून?"

"झाले असतील दोन दिवस."

"चार महिने," सून पहिल्यांदाच बोलली. "कपडे मीच धुते."

"आई, ही पाळी नव्हे. या वयात रक्त जाणं कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. आत्ताच तपासायला हवं."

त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर आले की बघू."

"चार महिने बघितलंत ना? चढा टेबलावर!" मी इतक्या जोरात म्हणाले की बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली.

त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती टेबलापाशी पायरी सरकवत होती.

"चला," ती म्हणाली, "मी आहे इथेच."