गुंडोरावांच्या नावाचा हप्ता

मशीनने करकर करत पासबुकात दोन वर्षांच्या ओळी छापल्या आणि कस्तुरीबाईंना त्यात चोर सापडला. गेल्या मे महिन्यात साडेचारशे गेले. त्याच्या आदल्या मेमध्येही साडेचारशेच. पुढे इंग्रजीतली चार अक्षरं. ना कुणाचं नाव, ना गाव.

साडेचारशे म्हणजे सहा साड्यांना फॉल. मान मोडेस्तोवर ओढलेला धागा, बोटात रुतलेली सुई, डोळ्यांचं पाणी. कुणाच्या बापाचं होतं ते?

चामराजपेटेतल्या त्या बँकेत त्या रांग ओलांडून थेट टेबलापाशी गेल्या. टेबलामागे नवा साहेब बसला होता, प्रणीत. पुण्याहून या कानडी मुलखात बदलून आलेला. मराठी ऐकताच खुलला.

"अरे वा, काकू, आपल्याकडच्या का? बोला ना!"

"हे कुणी नेले, ते तुम्ही बोला."

त्याने पासबुक पाहिलं आणि हसला. "इन्शुरन्सचा हप्ता आहे, काकू. वर्षाला फक्त साडेचारशे. एवढ्यात हल्ली धड पिझ्झाही येत नाही."

"मी पिझ्झा मागितला होता? विमाही नाही मागितला. परत टाका माझे पैसे."

"एक मिनिट." त्याने कॉम्प्युटरवर बोटं चालवली. "तुमचा नाहीये हा. जॉइंट खातं आहे, पहिलं नाव गुंडोराव. चार वर्षांपूर्वी त्यांनीच फॉर्म भरलाय. बंद करायचा तर काकांनाच यावं लागेल. पाठवा त्यांना."

"तुम्हीच बोलावून बघा. दीड वर्ष झालं, मी रोज बोलावते."

प्रणीतची बोटं थांबली.

गुंडोराव गेले, तरी नवऱ्याचं नाव कस्तुरीबाईंनी खात्यातून काढलंच नव्हतं. शिलाईच्या दुकानाच्या पाटीवरून नाव गेलं, रेशनकार्डावरून गेलं. पासबुक उघडलं की पहिल्या ओळीत तो माणूस दिसायचा, तेवढा तरी राहू दे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"बँकेला कळवायला हवं होतं, काकू," प्रणीतचा आवाज खाली आला. "बरं, असं करू. दोन्ही वेळचे मिळून नऊशे मी परत करतो. इथे सही करा, विषय संपला."

त्याने एक कागद पुढे सरकवला. सगळा इंग्रजी. कस्तुरीबाईंनी पेन उचललंही.

"अक्का, सही माडबेडी." शेजारच्या टेबलावरची भाग्यलक्ष्मी फायलीतून मान वर न काढता कानडीत म्हणाली. "सही करू नका. आधी विचारा, माणूस गेल्यावर त्या विम्याचं काय मिळतं."

"काय मिळतं?" कस्तुरीबाईंनी विचारलं.

प्रणीतने भाग्यलक्ष्मीकडे जळजळीत पाहिलं. "दोन लाख. पण नव्वद दिवसांत क्लेम करावा लागतो. आता काय उपयोग? रूल आहे."

"रूल?" कस्तुरीबाईंचा आवाज रांगेच्या शेपटापर्यंत गेला. "वाढदिवसाला माझ्या माणसाच्या फोनवर तुमच्या शुभेच्छा येतात. मेल्यावरही आल्या. उदंड आयुष्य लाभो म्हणे! ते पाठवायला सवड आहे, आणि बाई, तुझ्यासाठी नवऱ्याने काही ठेवलंय, एवढं सांगायला नाही? हप्ता घेताना तो जिवंत, पैसे देताना तो मेलेला? दोन मे आले नि गेले, तेव्हा मोजलेत का तुमचे नव्वद दिवस?"

"काकू, जरा हळू..."

"काकू म्हणू नका. तुमच्या काकूपुढे सरकवला असता का हा कागद? दाखवा मला त्यांचा फॉर्म."

त्याने स्क्रीन वळवली. गुंडोरावांचीच सही. ब्लाऊजच्या गळ्याला खडूने गोलाई काढावी तशी वळणदार. खाली वारस: कस्तुरी, पत्नी.

सकाळपासून ज्याला चोर म्हणत आल्या, तो घरधनी निघाला. डोळे भरले, पण पाण्याहून त्यांत जाळ जास्त.

"सांगायचं तरी होतं हो," त्या स्क्रीनलाच म्हणाल्या. "कॉफीत साखर कमी पडली तर तीन घरांना ऐकू जाईल असं सांगायचात. हे तेवढं पोटात घेऊन गेलात."

मग त्यांनी तो नऊशेचा कागद उभा फाडला. "क्लेमचा फॉर्म द्या."

"रिजेक्ट होईल तो."

"होऊ दे. पण रिजेक्ट करणाऱ्याने खाली लिहायचं: या माणसाचा हप्ता आम्ही तो मेल्यावर दोनदा घेतला. आणि सही ठोकायची."

फॉर्म आला. मृत्यूची तारीख या रकान्यापाशी पेन अडखळलं. पासबुकातलं नाव तसंच ठेवायचं, तर ही जागा रिकामी राहणार होती. कस्तुरीबाईंनी तारीख लिहिली. इतकी दाबून, की कागदाच्या पाठीवर आकडे उमटले.

भाग्यलक्ष्मीने हात पुढे केला, फॉर्मची झेरॉक्स काढली आणि दोन्हींवर पोचेचा शिक्का मारला.

"अहो मॅडम, मॅनेजरना विचारल्याशिवाय..." प्रणीत उठला.

"आलेला कागद घ्यायला कुणाला विचारायचं, सर?"

कस्तुरीबाईंनी झेरॉक्स पदराखाली धरली.

"कुठे बसतात मॅनेजर?"

भाग्यलक्ष्मीने हनुवटीने काचेचं दार दाखवलं. दारावर टकटक न करता कस्तुरीबाई आत शिरल्या.