दोरीवरचा सदरा

“आणि जिना? जिना वाजतो का हो?” बुर्गीनं फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून विचारलं.

पलीकडे झोल्नरबाई हसल्या. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग शहरातल्या ‘जुना नावाडी’ हॉटेलच्या त्या मालकीणबाई. “वाजतो तर! माझ्या खापरपणज्याच्या काळापासून वाजतोय. का हो, चोरपावलांनी कुठं जायचंय का तुम्हाला?”

बुर्गीला हसू आलं नाही. दाराला आतून कडी आहे की नुसतीच किल्ली, खिडकीखाली नदी आहे की रस्ता, कॅथीड्रलच्या घंटा पहाटे किती मोठ्यानं वाजतात, दिव्याचं बटण उशाशी आहे की दाराशी, असं एकेक ती विचारत राहिली. झोल्नरबाईंनी सगळ्याची न कंटाळता उत्तरं दिली.

“भाजलेल्या डुकराचं विचार!” शेगडीला लागून असलेल्या बाकावरून तिचा नवरा लेन्झ ओरडला. “वरची साल अजून कुरकुरीत असते ना, विचार!”

“तुला डॉक्टरांनी मीठसुद्धा बेतानंच सांगितलंय.”

“मी खातो म्हटलं का? विचार म्हटलं.”

“त्यांना सांगा, असते,” झोल्नरबाई फोनमधून म्हणाल्या. एवढ्या लांबून त्यांना लेन्झचा आवाज ऐकू गेला होता. जन्मभर बस चालवताना इंजिनाच्या वर ओरडून बोलायची सवय. हृदयाची झडप निकामी झाली, जिना चढताना दम लागायला लागला, पण आवाज मात्र जसाच्या तसा.

जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी लेन्झला रेगेन्सबुर्गच्या मोठ्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं. छाती उघडून झडप बदलायची. सकाळच्या गाडीनं निघून थेट इस्पितळात जावं, असं बुर्गीचं म्हणणं. पण लेन्झ हटूनच बसला. आदल्या दिवशी जायचं, ‘जुना नावाडी’मध्ये उतरायचं, वरच्या खोलीत पिसांच्या रजया घेऊन झोपायचं आणि मग काय ती कापाकापी. गावातल्या बायकांचं भजनी मंडळ, शेतकऱ्यांच्या सहली, सगळ्यांना त्यानं त्या हॉटेलच्या दाराशी नेऊन सोडलं होतं. ड्रायव्हरला तिथं स्वयंपाकघरात फुकट जेवण मिळायचं. पण जिना चढून वर तो कधी गेला नाही. लग्न झाल्यापासून बुर्गीला म्हणायचा, एकदा तुला त्या वरच्या खोलीत नेतो. मग कधी गाय व्यायची असायची, कधी छप्पर गळायचं, कधी पोरीचं काही निघायचं. नेतो नेतो म्हणता दोघं म्हातारी झाली.

आणि आता जायचं तर असं.

लेन्झची थोरली बहीण टिली शेजारच्याच घरात राहायची. तिनं हॉटेलचं ऐकलं तेव्हा हातातला विणकामाचा गुंडा बाजूला ठेवून म्हणाली होती, “फाशी द्यायच्या आधी जेवायला घालतात ना, तसलं दिसतंय हे.” टिलीच्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण ते वाक्य बुर्गीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं ते बसलंच.

फोन ठेवून ती बॅग भरायला लागली. लोकरी मोजे, सपाता, दाढीचं सामान. झोपायचा पांढरा फ्लॅनेलचा सदरा तिनं सकाळीच धुतला होता, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता म्हणून. तो शेगडीवरच्या दांडीवर असेल म्हणून ती बघायला गेली. दांडीवर नुसतं हातपुसणं लोंबत होतं.

“सदरा कुठं ठेवला मी?” ती स्वतःशीच पुटपुटली.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि टिली आत आली. बूट बर्फानं भरलेले, डोक्यावर रुमाल नाही, तोंड पांढरंफटक.

“येशू-मारिया! बुर्गी, दोरीवर काय टांगलंयस तू?”

बुर्गीला आधी काही कळलंच नाही. मग एकदम ध्यानात आलं. खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली.

नाताळपासून तीन राजांपर्यंतच्या धुराच्या रात्री चालू होत्या. या दिवसांत घराघरांतून, गोठ्यांतून ऊद फिरवतात आणि पांढरं कापड उघड्यावर वाळत घालत नाहीत. आभाळातून मेलेल्यांची रानटी स्वारी जाते, ती दोरीत अडकते, आणि ज्याचं कापड असेल त्याचं त्याच वर्षात कफन होतं. जंगलातल्या या गावांमध्ये हे पोराबाळांनाही माहीत असतं. बुर्गीनं तर जन्म कपडे धुण्यात घातलेला. जवळच्या गावातल्या इस्पितळाच्या धुलाईत ती कामाला होती. तिथं या रात्रींतही यंत्रं चालू असायची, तेव्हा तिथली मुकादमीण म्हणायची, “यंत्राला दोरी नाही पोरींनो, त्यामुळं स्वारी अडकत नाही.” तिथं चादरींचे ढीग उपसून बुर्गी घरी यायची आणि घरचा साधा रुमालसुद्धा बाहेर घालायची नाही. आईनं पाळलं, सासूनं पाळलं, तिनं पाळलं. आणि नेमकं या वर्षी, नेमका त्याचा सदरा! मन हॉटेलच्या जिन्यावर होतं आणि हातांनी आपली रोजची वाट धरली. कपडा पिळला, पाटी उचलली, दोरी गाठली.

“मी... माझ्या लक्षातच नाही आलं गं,” ती म्हणाली.

“लक्षात नाही आलं? गावातल्या त्या आगाथाच्या तरी कुठं लक्षात आलं होतं! चादरी घातल्या आणि फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण यायच्या आत तिचा नवरा सेपी गेला. धडधाकट माणूस. आणि हा तर...” टिली थांबली. भावाच्या बाकाकडे तिनं पाहिलं. बाक रिकामा होता. “कुठंय तो?”

“लाकडं आणायला गेला असेल. काढून आणते मी तो सदरा. जाळून टाकते.”

“काढून काय होणार आता? रात्र पडली नाही अजून हे खरं. पण टांगला तो टांगला.” टिलीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. एवढी फटकळ बाई, पण धाकट्या भावाला तिनंच कडेवर वाढवलेलं. “नेऊ नकोस त्याला, बुर्गी. उन्हाळ्यापर्यंत थांब म्हणावं डॉक्टरला. माझं ऐक एवढं.”

टिली डोळे पुसत आपल्या घरी गेली. खुळचट समजूत आहे, असं बुर्गीनं स्वतःला सांगून पाहिलं. पण डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं की, फक्त त्यांच्या भाषेत. वय आहे, हृदय दमलेलं आहे, आम्ही प्रयत्न करू. त्या ‘प्रयत्न करू’नं ती रोज रात्री जागी राहत होती. सदऱ्यानं नवीन काही सांगितलं नव्हतं. तिनं जे कानांवर हात ठेवून ऐकलं नव्हतं, तेच त्यानं मोठ्यानं सांगितलं होतं.

तिनं फोन उचलला. आधी हॉटेल. हॉटेल रद्द झालं की पुढचं सगळं आपोआप रद्द होईल, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं होतं.

“झोल्नरबाई, मी मघाचीच. ती खोली... आम्ही येत नाही. रद्द करा.”

पलीकडून झोल्नरबाई म्हणाल्या, “नाही करायची.”

“अं?”

“तुमच्या मालकांनी मला बजावून ठेवलंय. बायको रद्द करायला फोन करेल, तिचं ऐकू नका. तुमच्या आधी त्यांचा फोन येऊन गेलाय, बाई. नाताळच्या आधीच.”

“लेन्झचा? कशाला?”

“मी सांगायचं नाही असं ठरलं होतं.” झोल्नरबाईंनी उसासा सोडला. “पण आता तुम्ही असं म्हणताय तर सांगते. म्हणाले, पहिली रात्र मी तिच्यासोबत राहणार. त्यानंतर तीच खोली तिच्याकडेच ठेवा, मधेच हलवू नका. तिला परक्या ठिकाणी एकटं झोपायची सवय नाही, आधी माझ्यासोबत खोली ओळखीची होऊ दे. जेवायला मधल्या दालनात बसवू नका, एकटीनं चारचौघांत जेवायला लाजते ती, उपाशी उठेल. स्वयंपाकघराच्या दाराशी छोटं टेबल आहे, मला माहीत आहे, तिथं बसवा.”

बुर्गीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“आणि म्हणाले,” झोल्नरबाईंचा आवाज खाली आला, “इस्पितळातून काही वाईट फोन आला, तर निरोप द्यायला कामाच्या पोरीला वर पाठवू नका. तुम्ही स्वतः जा आणि तिच्याजवळ बसा. मी म्हटलं, अहो, असं अभद्र काय बोलता! तर म्हणाले, अभद्र नाही, मी ड्रायव्हर आहे. निघायच्या आधी ब्रेक बघून घेतो.”

म्हणजे भाजलेलं डुक्कर, कुरकुरीत साल, पिसांच्या रजया, हे सगळं वरवरचं होतं. आणि ती खुळी त्याला म्हातारपणी हौस सुचलीय म्हणून मनात बोल लावत होती. बुर्गीनं ॲप्रनच्या टोकानं नाक पुसलं.

“ऐकताय ना?” झोल्नरबाईंनी विचारलं.

“ऐकतेय. खोली राहू द्या. आणि... मी एकटी राहीन त्या रात्रींनाही दोन्ही रजया पलंगावर राहू द्या. एक काढून नेऊ नका.”

“नाही नेणार हो, बाई,” झोल्नरबाई म्हणाल्या.

ती मागच्या अंगणात आली तेव्हा लेन्झ लाकडांच्या खोपीत नव्हता. दोरीसमोर खिशात हात घालून उभा होता. सदरा खालच्या काठानं टांगलेला, उलटा. थंडीनं लाकडासारखा ताठ झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाह्या जमिनीकडे पसरल्या होत्या. आभाळातून कुणीतरी उडी घेतली आणि मधेच अडकला, असा तो दिसत होता.

“बघ,” लेन्झ मागं न वळता म्हणाला. “माझ्या आधी हाच गार पडला.”

“गप्प बस. मेल्या, तोंडाला काही धरबंध?”

“टिलीची आरोळी लाकडांच्या खोपीपर्यंत आली. म्हटलं बघावं तरी.” त्यानं बोटानं बाहीला टिचकी मारली. कापड टणक वाजलं. “हाच घालून जाणार मी.”

“हा नाही. हा जाळायचा.”

“बुर्गी, हा जाळला तर इस्पितळात मी सदऱ्याचाच विचार करत पडेन. तूही तेच करशील.”

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याचा श्वास ऐकू येत होता, मधे मधे अडकणारा. टेकडीमागं ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडच्या गोठ्यातून उदाचा वास आला. कुणीतरी लवकरच धूर फिरवायला काढला होता.

“झोल्नरबाईंशी बोलले मी,” ती म्हणाली.

लेन्झनं मान खाली घातली. चोरी पकडली गेली तसा हसला आणि हसता हसता त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. “फुटली का ती! बायकांच्या पोटात काही राहत नाही.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? भीती वाटते म्हणून सांगू? वाटते की. डोंगरातल्या घाटात, बर्फात, भरलेली बस घेऊन उतरताना कधी वाटली नाही तेवढी वाटते. तेव्हा चाक माझ्या हातात असायचं. आता मला झोपवून दुसराच कुणी चालवणार.” तो थांबला, दम घेतला. “निदान तू कुठं असशील ते मला डोळ्यांसमोर दिसायला हवं. खोली कुठली, टेबल कुठलं. मग झोपवू देत त्यांना.”

त्याच्या कोटाची वरची गुंडी तिनं लावली, मफलर नीट केला आणि आत गेली.

लेन्झला वाटलं, रडायला गेली असेल. पण ती बॅगेशी गेली. तळाशी घातलेला स्वतःचा झोपायचा पांढरा झगा तिनं काढला, हॉटेलसाठी म्हणून इस्त्री करून ठेवलेला. नळाखाली धरला, पिळला आणि तसाच ओला हातात घेऊन बाहेर आली.

“हे काय?” लेन्झ म्हणाला. मग त्याला कळलं. “बुर्गी! अगं, नको. वेडी आहेस का?”

“बाजूला हो.”

“अगं, मी मानत नाही ते, पण तू मानतेस ना!”

“मानते. म्हणूनच.” शेजारच्या खिडकीत टिली दिसत होती. तिनं दोन्ही हात काचेवर टेकले होते, मग एक काढून छातीवर क्रूसाची खूण केली. बुर्गीनं तिकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं. “येऊ दे त्यांची स्वारी. नेताना दोघांची धुलाई उचलावी लागेल म्हणावं. एकट्याची मिळणार नाही.”

तिनं झगा झटकला आणि दोरीवर घेतला. धुलाईत जन्म गेलेल्या बाया चिमटे वाया घालवत नाहीत. दोन कपड्यांची शेजारशेजारची टोकं एकावर एक ठेवून मधे एकच चिमटा लावतात. बुर्गीनं सदऱ्याचा कडेचा चिमटा काढला, त्याच्या ताठ काठावर आपल्या झग्याचं ओलं टोक ठेवलं आणि तोच चिमटा दोन्हींवर दाबून बसवला.

“चल आत,” ती म्हणाली. “गारठशील.”

पायऱ्या चढताना लेन्झनं तिच्या खांद्याचा आधार घेतला. प्रत्येक पायरीवर दोघं थांबत होती. मागं दोरीवर झगाही हळूहळू कडक होत चालला होता आणि वारा आला की त्याची बाही सदऱ्याच्या बाहीला लागत होती.