खडूची भिंत

हे मी लिहिणारच नव्हतो. बाथरूमवर काय लिहायचं माणसानं? त्यात ते दुसऱ्याच्या घरचं. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा सोडून दिलं. पण काही लिहायला बसलो की बोटं तिकडेच जातात. म्हटलं, एकदा होऊन जाऊ दे.

तर लंबू गच्चीवर रांगत होता. एका हातात खडू, दुसऱ्या हातात टेप, आणि गुडघ्याला लागू नये म्हणून खाली जुनी उशी. लंबू म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्यांच्या घरातल्या एकाही दारातून तो मान न वाकवता जात नाही. गच्चीवर तो त्यांचं नवीन बाथरूम काढत होता, खऱ्या मापाचं. इथं दार, इथं कमोड, इथं नळ, इथं अंघोळीची जागा.

आयडिया माझी होती. मी नळ-फरश्यांच्या दुकानात कामाला आहे. शिकलो कुठंच नाही, गिऱ्हाइकांचे घोळ बघून बघून तयार झालो. कागदावरचा नकाशा कुणाला कळत नाही. सगळे "हो हो, छान" म्हणतात आणि काम झाल्यावर कमोडवर बसलं की गुडघे दाराला टेकतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, आधी जमिनीवर खडूनं काढा, आत जाऊन उभे राहा, खोटी अंघोळ करा. लोक हसतात. करतात मात्र थोडेच.

"अरे तोटी, हे काय, अंघोळ करायची का लंगडी खेळायची?" काका जिन्यातून वर येत म्हणाले. काका म्हणजे लंबूचे वडील. आयुष्यभर बस चालवली. दुकानात लागल्यापासून ते मला तोटीच म्हणतात, माझं खरं नाव त्यांना आठवत असेल असं वाटत नाही.

त्यांच्यामागून काकू आल्या. वाळलेले कपडे काढायला आलेय असं म्हणाल्या, पण नजर खडूच्या रेघांवर.

खरं तर हे सगळं महिन्यापूर्वीच उरकायला हवं होतं. खालच्या घराच्या छताला ओल आली होती, जुनं बाथरूम फोडणं भाग होतं. गवंडी तयार होता. अडलं होतं काकूंपाशी. त्यांना काही पसंतच पडेना. लंबूची बहीण लांब राहते, तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं. नवरा कामावर गेला की ती दिवसभर एकटी. रोज फोन करायची, आई कधी येतेस? आणि काकूंचं एकच उत्तर, "बाथरूम झालं की निघालेच बघ."

आणि बाथरूम तर सुरूच होईना.

दुकानात आल्या तेव्हा मांडून ठेवलेल्या प्रत्येक कमोडवर काकू बसून बघत होत्या. पदर सावरून, अगदी लग्नाच्या पंगतीत बसावं तशा. काका लाजून पार रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना काळी चकचकीत फरशी हवी होती, तोंड दिसेल अशी. काकूंनी खरखरीत राखाडी निवडली.

"ही फुटपाथची आहे," काका म्हणाले.

"फुटपाथवर कधी घसरलात का?" काकू म्हणाल्या.

तो विषय तिथं संपला. मग दार. काकू म्हणाल्या, दार बाहेर उघडलं पाहिजे. का, तर उघडलं पाहिजे. काचेचा पडदा नको. अंघोळीची जागा रुंद हवी, दोन माणसं सहज उभी राहतील एवढी. लंबू वैतागला. "दोन माणसं कशाला, आई? वरात न्यायचीय का आत?" मी एक हॅन्डल दाखवलं, स्टीलचं, भिंतीला लावतात ते, धरून उठायला. काकांनी ते उलटंपालटं केलं आणि परत ठेवलं. "हे दवाखान्यात. मी काय पेशंट आहे?" मला वाटलं काकू भांडतील. त्या म्हणाल्या, "नको म्हणतायत तर नको."

तेच मला खटकलं होतं. फरशीवरून भांडणारी बाई हॅन्डलवरून गप्प कशी बसते? पण दुकानात गर्दी होती, विसरलो.

गच्चीवर लंबूनं रेघा पूर्ण केल्या आणि उभा राहून मोठ्या ऐटीत सगळं समजावून सांगितलं. शॉवर इथं, साबणाचा कोनाडा इथं, टॉवेलची दांडी इथं. हात वर करून हवेतच दाखवत होता. काकू शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. कोनाडा त्यांच्या डोक्याच्याही वर.

"साबण हवा असला की तुला फोन करू का?" त्या म्हणाल्या.

लंबूनं सगळी उंची स्वतःच्या अंगाला लावून धरली होती. मी हसलो, काका हसले, लंबूनं कपाळाला हात लावला तर खडूचा पंजा उठला.

"बाबा, आता तुम्ही करून दाखवा. नेहमी करता तसं," तो म्हणाला.

काका नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांना मजा वाटत होती. त्यांनी खोटं दार उघडलं, कडी लावली. कमोडजवळ जाऊन मागं वळून बघितलं. "रिव्हर्सला जागा आहे, चालेल." मग अंघोळीच्या जागेत आम्ही ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. बादली नव्हतीच, तरी तांब्या बुडवल्यासारखं केलं आणि डोक्यावर ओतलं. "आई गं! गार!" पाठ घासली. कानामागं घासलं. एवढं मन लावून की मला खरंच पाणी दिसायला लागलं. काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या, वाळलेला टॉवेल खांद्यावर टाकून, आमच्याकडे पाठ करून.

"झालं गं," काका म्हणाले.

आणि डावा हात उचलून हवेत धरला. बघितलंसुद्धा नाही कुठं धरतोय ते. तळवा खाली, बोटं जरा वाकलेली.

काकूंच्या हातातले कपडे कठड्यावर पडले. त्या वळल्या आणि सरळ चालत आल्या. दाराकडून नाही. मधली भिंत पार करून, खडूच्या रेघेवर चप्पल देऊन. कमरेत वाकल्या, खांदा बरोबर त्या हाताखाली आणला. काकांनी भार दिला. काकू हळूहळू सरळ होत गेल्या, त्यांच्याबरोबर काका वर आले, एका दमात. उठल्या उठल्या काकूंनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला आणि काकांनी तो घेतला.

मग दोघांच्या लक्षात आलं, आपण गच्चीवर आहोत.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"अगं," काका म्हणाले, "तिथं भिंत आहे."

काकूंनी पायाखाली बघितलं. रेघ फिसकटली होती. "काढेल तो परत," त्या म्हणाल्या.

लंबू उशीवर गुडघे टेकून बसला होता. उठला नाही. "रोज?" त्यानं विचारलं.

"रोज काय रोज. कधी कधी. गुडघे धरले तर."

"रोज," काका म्हणाले. "गेल्या थंडीपासून."

"आणि मला माहीत नाही?"

"तुला कसं माहीत असणार? तू सहाला कामावर जातोस, आमची अंघोळ आठला," काकू म्हणाल्या.

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" काका म्हणाले. "हॅन्डल लावलं असतंस."

"मग लावायचंच ना!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते पदरानं पुसलं. लंबूला नाही आलं. तो बहिणीवरून आईशी किती वाकडं बोलला होता ते मला माहीत होतं. ताई तिकडं एकटी आणि तुला कोनाड्यांची पडलीय, असं माझ्यासमोर म्हणाला होता एकदा. काकू तेव्हा फक्त पोळपाट पुसत राहिल्या होत्या.

थोड्या वेळानं लंबू उठला. टेप ओढली.

"आई, परत वाक."

"काय?"

"मघाशी वाकलीस तशी वाक. बाबा, तुम्ही बसा परत. हात ठेवा."

"मी काय खिडकी आहे का, माप घ्यायला?"

"वाक गं."

त्या वाकल्या. काका बसले, हात ठेवला. लंबूनं जमिनीपासून आईच्या खांद्यापर्यंत टेप धरली आणि मी माप घेतलं. मग म्हणाला, आता उठा, पण सावकाश. दोघं उठले. तो टेप घेऊन खांद्याबरोबर वर आला, शेवटी जिथं थांबला तिथलं माप मी घेतलं. एक खालचं, एक वरचं. आईचं वाकणं आणि आईचं सरळ होणं.

"हॅन्डल आडवं नको मग," मी म्हणालो. "तिरकं लावू. खाली इथं सुरू, वर इथं संपेल. हात सरकत वर जाईल."

काका पेशंट वगैरे काही म्हणाले नाहीत. हात अजून काकूंच्या खांद्यावरच होता. मग म्हणाले, "बरंय. ते मधेच मटार आणायची आठवण तरी करणार नाही."

"आणि कानामागं साबण राहिलाय हेही सांगणार नाही," काकू म्हणाल्या.

"तू जा पोरीकडं," काका म्हणाले.

"आधी लागू दे ते."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्यानंतर काकूंनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. कोनाडा त्यांच्या कोपराच्या उंचीला आला, दार बाहेर उघडलं, राखाडी फरशी लागली. दुकानातून हॅन्डल मी स्वतः निवडून नेलं, सगळ्यात जाड नळीचं, आणि बोल्ट माझ्यासमोर आवळून घेतले. सिमेंट सुकल्यावर काकूंनी पहिल्यांदा त्याला दोन्ही हातांनी धरून अख्खं अंग सोडलं. मग मला म्हणाल्या, "तोटी, तू लटक." मी लटकलो. "लंबू, तू लटक." लंबू गुडघे मुडपून लटकला. गवंडी डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, घर पडेल पण ते पडणार नाही, आता सोडा.

ज्या दिवशी काकांनी आत पहिल्यांदा एकट्यानं अंघोळ केली तेव्हा मी तिथंच होतो, नळाचा वॉशर बदलायला म्हणून आलो होतो. आतून कडी लागली. काकू दाराबाहेर उभ्या. पाणी ओतल्याचा आवाज, तांब्याचा आवाज, मग शांत.

"झालं गं," आतून आलं. सवयीनं.

काकू हलल्या नाहीत. फक्त त्यांचा एक खांदा जरा खाली गेला, गुडघेही वाकले थोडेसे. मी दुसरीकडं बघायला लागलो.

बऱ्याच वेळानं कडी निघाली. काका बाहेर आले, केस ओले, बनियन उलटं घातलेलं. "काय गं, पाण्यासाठी रांग लावलीस का?" म्हणाले आणि आमच्या मधून निघून गेले. काकूंनी आत जाऊन हॅन्डलवरचं पाणी पुसलं. मग माळ्यावरून बॅग काढायला सांगितली.

काल सकाळी आम्ही त्यांना गाडीत बसवून दिलं. ताईचा फोन येऊन गेला होता, आता कधीही होईल म्हणून. गाडी हलेपर्यंत काकू खिडकीतून सूचना देत होत्या, गॅस, दूध, औषधं. बाथरूमबद्दल एक अक्षर नाही.

परत येताना लंबू आणि मी चौकातल्या टपरीवर थांबलो. त्यानं चहा घेतला आणि नुसता फिरवत बसला.

"मी सहाला जातो," तो म्हणाला.

"माहितीय."

"सुट्टी मागितली. नाही म्हणाले."

"माझं दुकान दहाला उघडतं," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "रोज काय सांगून येणार तू? बाबांना कळेल."

"कळू दे. पेपर वाचायला येतो म्हणेन. आमच्याकडं पेपर येत नाही."

"आत जाऊ नकोस हां, तोटी. त्यांना आवडायचं नाही. पण…"

मी त्याचा चहा काढून घेतला, गार झाला होता.

"दाराबाहेर खुर्ची टाकून बसेन," मी म्हणालो. "हाक मारली तर आत जाईन. नाही मारली तर कितीही वेळ लागला तरी जागचा उठणार नाही. शब्द दिला तुला."