ट्रॉलीवर बसलेला माणूस

"आबा, मधे बोलू नका हो! उद्या मुलाखत आहे, आणि असं कुणी मधे बोललं की माझं सगळं पाठांतर उडतं," चैताली वैतागून म्हणाली.

"मग तर बोलायलाच पायजे," श्रीपती आबा बाजेवरून म्हणाले. "सवय व्हईल."

नातीचं म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या खेपेला एका कॉलेजात कुणीतरी नुसतं "का बरं?" विचारलं आणि ही पोर शिकवायचं सोडून रडत परंदवडीला परत आली. उद्या तळेगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या जागेसाठी सापेक्षतेचा, म्हणजे उजेडाचा वेग सगळ्यांना सारखाच भरतो, हा धडा शिकवून दाखवायचा होता. हेही हुकलं तर पुन्हा खडूला हात लावणार नाही, असं तिने घरात सांगून टाकलं होतं.

आणि आबांना गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. ते रेल्वेतले ट्रॉलीमन. लोणावळ्याच्या बाजूला साहेब रूळ तपासायला निघाला, की त्याची ट्रॉली मागून ढकलत अनवाणी रुळावरून पळायचं, हेच जन्मभर केलं. जोडीला भिमाजी. जिवाभावाचा माणूस, पण मागच्या साली गेला.

"मला सांग, पळत्या ट्रॉलीवरनं मी म्होरं दगड फेकला, तर त्याला ट्रॉलीचाबी जोर मिळतो का न्हाई?"

"मिळतो."

"मग बॅटरी लावली तर उजेडाला का मिळत न्हाई?"

पाठ केलेली वाक्यं इथे संपली. चैताली आता स्वतःच्या शब्दांत सांगू लागली.

"हे बघा. तुम्ही ट्रॉलीच्या बाकावर बसलाय. साहेब खाली रुळाशेजारी उभे आहेत."

"आगं उलटं! साहेब बसतोय. मी मागं पळतोय."

"ट्रॉली माझी आहे, आबा. बसा म्हटलं की बसायचं! तुम्ही बॅटरी लावली. उजेडाचा वेग तुम्ही मोजला, साहेबांनीही मोजला. ट्रॉली कितीही पळू दे, दोघांचं उत्तर एकच येतं."

"आसं कसं? साहेबाचं घड्याळ बिघाडलं आसंल."

"कुणाचं काही बिघडलेलं नाही!" ती उसळून उभीच राहिली. "साहेबांना तुमचं घड्याळ हळू चालताना दिसतं आणि तुम्हाला साहेबांचं. लांबीसुद्धा दोघांना वेगळी भरते. आपल्या ट्रॉलीच्या वेगाला तो फरक इतका बारीक, की कळत नाही. पण असतो. घड्याळं बदलतील, मोजमापं बदलतील, उजेड मात्र कुणासाठी कमी-जास्त पळत नाही. मग साहेब असोत नाहीतर तुम्ही."

आबांना सगळं पटलं होतं असं मुळीच नाही. पण पोर एकदाही अडखळली नव्हती, हे त्यांच्या बरोबर ध्यानात आलं आणि ते मनातून खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चैताली दारातूनच ओरडली, "आबा, घेतलं मला! ट्रॉलीचंच उदाहरण दिलं, तर एका सरांनी मधेच अडवलं. म्हणाले, ट्रॉलीवरच्या साहेबाला काय दिसेल? मी म्हटलं, सर, साहेब खाली उभे आहेत. वर माझे आजोबा बसलेत."

आबांना भरून आलं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आन ढकलत कोण व्हतं?"

हे तिथे कुणीच विचारलं नव्हतं. चैताली हसली. "कुणी नाही, आबा. ही ट्रॉली एकसारख्या वेगाने आपली आपण चालते. चढ नाही, घासणं नाही. ढकलायला माणूसच लागत नाही."

"कुणीच पळत न्हाई?"

"कुणीच नाही."

"मग भिमाजीलाबी वर घे की. लय पळालाय बिचारा."

आबांनी दोन्ही पाय वर घेतले आणि ते बाजेवर जरा एका कडेला सरकून बसले.