कवडूचा पांढरा केस

नरखेडकडच्या कवडूचं वय पंचविसावर अडकलं, ते अडकलंच. कोणी म्हणे विहिरीच्या पाण्याचा गुण, कोणी म्हणे संत्र्याचा. मी सांगतो, काळजी म्हणजे काय हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं. गारपिटीत बहार झडला तरी हा शीळ घालत कलमं बांधायचा. मागं ट्रॅफिक पोलिसानं लायसन पाहिलं. जन्म एकोणीसशे बावन्न!

"आजोबाचं लायसन घेऊन फिरून राहिला का बे?"

मी साक्ष दिली म्हणून फटफटी वाचली.

नागपुरात नंदनवन वस्तीतल्या माझ्या शेजारीण गोपिकाबाई त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तरुणपणीच दोघांचं जमलं होतं. "धाकट्या तिघींची लग्नं होऊ दे," त्या म्हणाल्या. तिसरीची वरात निघाली तेव्हा बाईंचं डोकं निम्मं पिकलेलं, आणि हा गडी अजून कॉलेजकुमार!

तेव्हापासून दर हंगामात कवडू संत्र्यांची टोपली घेऊन दारात.

"लग्नाले काहून नाही म्हणतं वं?"

"लोक म्हणतील, म्हातारी नातवाले घेऊन हिंडून राहिली. एक पांढरा केस दाखव, त्याच दिवशी मी तयार आहो."

बिचाऱ्यानं एकदा चुना लावला, एकदा ज्वारीचं पीठ. बाईंनी ओला अंगठा घासून पाहिला आणि हाकलला. "तीस वर्षं मास्तरीण होती मी. नक्कल मले समजते!"

यंदा बाईंचा मोतीबिंदू पिकला. भाचा मिहानातल्या कंपनीत नोकरीला, त्याला सुट्टी नाही. कवडूनं नेलं, सोबत मी. ऑपरेशन अर्ध्या तासाचं. बाई आत गेल्या, दार लागलं आणि कवडूची शीळ बंद पडली.

"दार काहून उघडत नाही गा?"

"आत्ताच तर गेल्या."

"तिले शुगर आहे ना! अन् डॉक्टर पोरगा दिसते."

"तू आरसा पाहिला का?"

त्याचं लक्षच नव्हतं. उठला, बसला, माझ्या चपला घालून दोन चकरा मारून आला. त्याच्या कोऱ्या कपाळावर पहिली आठी पडताना मी पाहिली, या चष्म्याची शपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. बाईंनी आधी मला न्याहाळलं. "अगंबाई, भाऊजी, तुम्ही एवढे म्हातारे झाले?" मग कवडूकडे वळल्या आणि थांबल्या. त्याच्या कानावर एक केस, कापसासारखा पांढरा.

पाण्यात अंगठा बुडवून त्यांनी घासला. दोनदा घासला. जाईना. मग चिमटीत धरून ओढला.

"राहू दे वं!" कवडू कळवळला. "एवढ्या वर्षांत एकच आला."

बाईंनी केस सोडला, हात मात्र तिथंच ठेवला. "डॉक्टरनं महिनाभर वाकाले मना केलं. लग्नात कोणाच्या पाया पडणार नाही, आधीच सांगून ठेवते."

"नको वाकू. मी वाकतो ना," म्हणत कवडू त्यांच्या चपला सरळ करायला खाली बसला.

त्याचा गुडघा कट्‌कन वाजला.

"ऐकलं का, भाऊजी?" बाई टाळी वाजवून म्हणाल्या.