पाठीचं माप

गुणवंतराव मास्तर गोंडपिपरीच्या शाळेतून निवृत्त झाले, त्याच सुमारास चांदा जिल्हा एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवण्यात आला. गावाला दोन्हींपैकी कशाचाच धक्का बसला नाही. धान पूर्वीसारखंच पिकलं आणि पोरं पूर्वीसारखीच भागाकारात नापास झाली.

त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, मात्र हा निवृत्तीचा दिवस कधीपासून धरून ठेवला होता. त्या अहेरीच्या. वडील लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम. दर हिवाळ्यात ते भामरागडला जायचे आणि परत आले की ओसरीवर बसून तिथे तीन नद्या एकमेकींत कशा शिरतात ते हातवारे करून सांगायचे. "पुढच्या वर्षी तुले नेतो," म्हणायचे. पुढच्या वर्षी त्यांनी तिचं लग्न करून दिलं. नवऱ्याने ते वचन सासऱ्याकडून जसंच्या तसं उचललं आणि तितक्याच निष्ठेने पुढे ढकललं. आधी शाळेची तपासणी, मग लढाई, मग स्वराज्य, मग पुन्हा शाळेची तपासणी.

"आता तं शाळा बी नाई," रुखमाबाई म्हणाल्या. "थंडी पडली का बैलबंडी करा. निघू."

गोष्ट साधी होती. पण साधी गोष्ट साधेपणाने करण्यासाठी मास्तरांनी जन्मभर गणित शिकवलं नव्हतं. त्यांच्या हाती एक जुनं इंग्रजी मासिक लागलं होतं. त्यात एक गोरा माणूस डोंगर चढत होता. पाठीवर चौकट, चौकटीला पिशवी, आणि तोंडावर असं हसू, की ओझं जणू दुसऱ्याच कोणाचं. मास्तरांनी खालचा मजकूर दोनदा वाचला. भार खांद्यावर नको, कमरेवर यावा. पिशवी पाठीला चिकटू नये, मधून वारा खेळावा. आणि मुख्य म्हणजे पिशवीला स्वतःचं असं वजनच नसावं. झालं. भामरागडला जायचं ते पायी, आणि घरी शिवलेल्या पिशव्या पाठीला लावून.

"अजी, गाठोडं डोक्यावर घेतलं तं काय होते?"

"मान दुखते."

"माही तं कधी दुखली नाई."

"तुझं लक्ष नसतं."

रुखमाबाईंचं हातमशीन मास्तरांनी ताब्यात घेतलं. पहिली पिशवी तंबूच्या कापडाची झाली. ती रिकामीच इतकी जड होती, की तिच्यात काही भरण्याची गरजच उरली नाही. तिच्या शिवणीत तो हिवाळा गेला. दुसरी मांजरपाटाची. पाणी आत जाऊ नये म्हणून तिला जवसाच्या तेलाचे हात दिले. पावसाळ्यात ते तेल काही वाळेना. घरभर असा वास सुटला, की भिकारीसुद्धा दारावरून पुढे जाऊ लागले. पट्ट्यांसाठी खाटेची निवार काढली, त्यामुळे मास्तर जमिनीवर निजू लागले. आपण प्रगती करतो आहोत, असं त्यांना वाटत होतं.

चौकट बांबूची. ती लटारू बुरुडाने केली. चार उभ्या कामट्या, तीन आडव्या, सांधे वेताने बांधलेले. एका करंगळीवर तोलता येई. दोन चौकटी झाल्या, एक मास्तरांच्या मापाची, दुसरी रुखमाबाईंच्या. मास्तर त्यांना स्टुलावर बसवत आणि फीत लावून खांद्यापासून खांद्यापर्यंत, मानेपासून कमरेपर्यंत माप घेत. इतकी वर्षं संसार झाला होता, पण बायकोच्या पाठीकडे त्यांनी एवढ्या बारकाईने कधी पाहिलं नव्हतं. आताही पाहत नव्हते. आकडे पाहत होते.

पाऊस उघडला. आश्विनात रुखमाबाईंची चौकट लावून पाहिली, तर सैल. दोन्ही बाजूंनी बोट शिरेल इतकी.

मास्तर थेट बुरुडाच्या दारात. "लटारू, बांबू उजेड्या पाखात तोडला ना तू?"

जंगलात बांबू अंधाऱ्या पाखातच, म्हणजे वद्य पक्षातच तोडतात, नाहीतर त्याला घुण लागतो, असं सगळे मानतात. लटारूचा हा अपमानच होता.

"मास्तर, माह्या बापानं बी कधी उजेडात बांबू तोडला नाई."

"मग चौकट रुंद कशी झाली?"

"वाळल्यावर बांबू रुंद होते, हे तुमी शाळेत शिकवत होते काय? तरीच पोरं नापास!"

मास्तर घरी आले आणि त्यांनी फीत तपासली. कापडी फीत, वर्षानुवर्षं ओढलेली. पाठ मोजल्यावर ती आणखी लांबली आणि मग तिनेच चौकट मोजली, की चौकट रुंदच होणार! हे सुचलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी रुखमाबाईंना पाटीवर आकृती काढून समजावून सांगितलं.

"बरं," रुखमाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली होती. हल्ली ठेवत. वैद्याचं चूर्ण चालू होतं. वयाप्रमाणे भूक कमी व्हायचीच, असं मास्तरांचं मत होतं.

चांद्याहून नवी फीत आणली. तिने पाठीचं माप पहिल्यापेक्षाही कमी दाखवलं. मास्तर थोडे गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं, की पहिलं माप हिवाळ्यातलं, जाड चोळीवरून घेतलेलं. प्रश्न सुटला. लटारूकडून अरुंद चौकट करून घेतली, पिशवी उसवली, पुन्हा शिवली. कार्तिकात लावून पाहिली. पुन्हा सैल.

"तू वाकून बसतेस," मास्तर वैतागून म्हणाले. "सगळं पुन्हा करावं लागणार."

रुखमाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत. "म्हंजे यंदा नाई?"

"मापात बसल्याशिवाय निघण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी," रुखमाबाई म्हणाल्या. एवढंच.

आठवड्याभराने त्यांनीच मास्तरांना हाक मारली. "पाहा बरं आता एकडाव. सरळ बसतो मी."

चौकट लावली. बसली! ना सैल, ना घट्ट, जशी पाठीतूनच उगवली. मास्तरांनी चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "बघ. सरळ बसण्याने किती फरक पडतो!"

मार्गशीर्षात दोघं निघाली. आष्टीच्या घाटावर डोंग्यातून वैनगंगा उतरली, पुढे मोटारीने आलापल्ली गाठली. तिथून जंगलातली पायवाट. पाठीवर चौकटी लावलेली ती दोन म्हातारी माणसं पाहून लोक थांबत. त्या मुलखात पुरुष खांद्यावर कावड घेतात, बाया डोक्यावर घेतात, पाठीला फक्त पोर बांधतात.

"पोरगं कुठी आहे बाई?" एकीने विचारलं.

"मोठं झालं," रुखमाबाई म्हणाल्या, "समोर चालून राह्यलं." आणि मास्तरांकडे बोट दाखवून खुदकन हसल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच मास्तरांनी त्यांना परक्या माणसांत असं हसताना पाहिलं. पिशवीची शिवण सार्थकी लागली, असं त्यांना वाटलं.

दुपारी त्या बसल्या. थोडं चालून पुन्हा बसल्या. मास्तर पट्टे सोडायला पुढे झाले, तर त्यांनी हात धरला. "राहू द्या. हलकीच आहे." तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा उठता येईना. जवळच्या पाड्यातला इसरू नावाचा माडिया शेतकरी बंडी घेऊन चालला होता. त्याने त्यांना वर घेतलं, घरी आणलं. त्याची बायको बुधरी त्यांना धरून आडोशाला घेऊन गेली, पाणी तापवून अंग पुसायला.

थोड्या वेळाने बुधरी बाहेर आली आणि काहीतरी कुंपणावर वाळत घातलं. घामाने थबथबलेली गोधडीची एक जाड घडी. मास्तर सहज जवळ गेले. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, कडेने टीप मारून शिवलेली. वर खांद्यांसाठी दोन बंद, खाली कमरेला दोन. कडांना जाड, मधे पातळ. टीप त्यांच्याच मशीनची होती, पण त्यांच्या टिपेपेक्षा कितीतरी सरळ. कामात कुठे खोट नव्हती. पाठीला जेवढं कमी पडत होतं, नेमकं तेवढंच त्या घडीने भरून काढलं होतं.

मास्तर आत गेले. रुखमाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बुधरीचं लुगडं पांघरलेलं. त्यातून खांद्याची हाडं दिसत होती.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं तुमी आणलं असतं काय?" त्या वळल्या. "आधी चांदा, मंग नागपूर, मंग पुढच्या वर्षी. तुमाले मी ओळखत नाई काय?"

मास्तर प्रश्न तसाच सोडून बाहेर आले. फळ्यासमोर उभं राहून त्यांच्यावर अशी वेळ कधी आली नव्हती.

अंगणात इसरू बैलांना पाणी दाखवत होता. "मास्तर, भामरागडले बी बंडी जाते," तो म्हणाला. "मधात दोन मुक्काम. बाईले गवतावर निजवू. हळू नेतो."

बंडी पुढे जात होती, तशीच मागेही. मास्तरांनी विचार केला. मागे आलापल्ली, मोटार, चांदा, दवाखाना, डॉक्टर. पुढे नद्या. कोणत्याही शहाण्या माणसाने जे केलं असतं तेच त्यांनी केलं.

"मागे," ते म्हणाले.

रुखमाबाई भांडल्या नाहीत. बंडीत धानाच्या तणसावर बसवलं तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, "तुमी लय हुशार आहा."

पुढे माघात चांद्याच्या डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे आतलं दुखणं होतं. वर्षभर आधी आणलं असतं तरी काही करता आलं नसतं, आणि चार दिवस उशिरा आणलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ते हे धीर देण्यासाठीच बोलले. मास्तरांनी मान डोलावली. चार दिवसांत काय काय झालं असतं, ते गणित त्यांना लगेच सुटलं. तोवर रुखमाबाईंना जाऊन एक दिवस झाला होता.

पण हे पुढचं. त्या दिवशी बंडी आलापल्लीच्या वाटेला लागली होती आणि मास्तरांना काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"इंद्रावती पूर्वेकडून येते," ते म्हणाले. "पामुलगौतम आणि पर्लकोटा मिळतात तिथे पात्र चांगलं रुंद होतं. हिवाळ्यात पाणी निवळ असतं. तिन्ही पाण्यांचे रंग काही अंतरापर्यंत वेगळे—"

"तुमी पाह्यले काय?"

"नाही. भूगोलात आहे."

"मंग राहू द्या."

बंडी एका दगडावरून गेली. रुखमाबाई मागे तोंड करून बसल्या होत्या.

"समोर तोंड करून बस. धक्के कमी लागतील."

"नाई," त्या म्हणाल्या. "इकडून वाट दिसते."

आणि झाडीच्या पहिल्या वळणापर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मग वाट दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी आपणहून डोळे मिटले. मास्तर त्यांच्या पाठीमागे बसले होते. धक्क्यांनी त्या पडू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही हात त्या पाठीला लावले. फीत जवळ नव्हती. तळव्यांनाच कळलं, किती थोडी उरली होती.